सुट्टीतला नवरा

लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत सुगंधाने नवऱ्याबरोबर किती दिवस काढले म्हणून विचाराल, तर सगळे मिळून जेमतेम सहा वर्षं भरत होती. हे तिने स्वतः एकदा बोटांवर मोजलं होतं. लग्नानंतरची तीन वर्षं, आणि मग भिकाजी ओमानला गेला तो गेलाच. दर दोन वर्षांनी दोन महिन्यांची सुट्टी, अशा अठरा सुट्ट्या. सुट्टीतला नवरा म्हणजे निम्मा पाहुणाच. त्याला चहात साखर किती लागते ते आठवण्यात पहिले आठ दिवस जायचे, मधला महिना जरा घरच्यासारखा, आणि शेवटचे पंधरा दिवस बॅगा भरण्यात. अशा बाईला नवरा कळणार कधी हो? आणि नेमका ह्याच न कळण्याने पुढे घात केला, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

भिकाजी इब्री गावात एसीचा मेकॅनिक होता. छत्तीस वर्षं एकच कंपनी, एकच खोली, एकच स्क्रू-ड्रायव्हरचा डबा. ओमानमधलं त्याने पाहिलं काय, तर लोकांच्या घरांच्या गच्च्या. डोंगर, किल्ले, समुद्र सगळं गच्चीवरून, तेसुद्धा पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात, हातात पाना धरून. आता सहासष्टाव्या वर्षी कंपनीने त्याचे कागद पुरे केले होते. सप्टेंबरअखेर कायमचं घरी जायचं. त्याआधी त्याने सुगंधाला व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं. फोनवर म्हणाला, "ये. सगळं दाखवतो तुला. रुस्ताक, सलालाह, सगळं. मग गावी जाऊन केरळ, काशी, जिथं म्हणशील तिथं. आता फिरायचंच."

सुगंधा बासष्टची. गुहागरजवळच्या त्यांच्या गावात टेकडीवर वाघजाईचं देऊळ आहे, त्याच्या तीनशे पायऱ्या ती रोज सकाळी चढायची. सर्दीशिवाय दुसरं दुखणं तिला माहीत नव्हतं. गावातल्या तिच्या वयाच्या बायका गुडघे धरून ओटीवर बसल्या की हिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सून पूर्वाने ठाण्याहून पळायचे बूट घेऊन दिले, ते घालून ती विमानात चढली. अठ्ठावीस वर्षांच्या पोरीला नसेल एवढी हौस होती तिला. आणि का नसावी? आयुष्यभर जे राहिलं होतं ते आता सुरू होणार होतं. नवऱ्याबरोबर फिरायचं, बस्स, बाकी तिला काही नको होतं.

इब्रीला पोचल्यावर पहिल्याच दिवशी तिने खोलीत चिकटपट्ट्या पाहिल्या. पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर काळ्या पेनाने मराठीत लिहिलेलं. गॅसपाशी 'बंद केला का?'. दाराच्या आत 'किल्ली, मोबाइल, चष्मा'. आरशावर 'दाढी झाली?'. फ्रीजवर चंद्रहासचा फोन नंबर, आणि खाली 'चंद्रहास, स्टोअरवाला, वेंगुर्ला'.

"हे काय हो?" ती हसत म्हणाली.

"मेकॅनिकची सवय गो. वायरींना नंबर लावतो तसं. नायतर घोळ होतो."

तिला ते पटलं. उलट कौतुकच वाटलं. एकटा राहणारा माणूस, शिस्त लावून घेतली बिचाऱ्याने. तो दाराला कुलूप लावून तीनदा परत जाऊन बघायचा, तेव्हा तिला वाटलं, परमुलखात राहून सावध झालाय. चहाची किटली त्याने एकदा कपाटात ठेवली, तेव्हा वाटलं, पुरुषाचं घर आहे, असंच चालत असेल. एका संध्याकाळी तो जेवून उठला आणि पंधरा मिनिटांनी परत ताट घेऊन बसला. "आज जेवण नाय काय?" म्हणाला. ती म्हणाली, "थट्टा करता काय?" त्याने एक क्षण तिच्याकडे पाहिलं आणि मोठ्याने हसला. थट्टाच होती तर, म्हणून तीही हसली. पण ताट उचलताना तो क्षण तिला का कोण जाणे खुपला. हसण्याआधी त्याचा चेहरा अगदी कोरा झाला होता.

शेजारच्या खोलीत तो चंद्रहास राहायचा. कंपनीचं स्टोअर सांभाळणारा, पन्नाशीचा, मितभाषी माणूस. एका सकाळी सुगंधा चालून परत येत होती आणि तो जिन्यात भेटला.

"वहिनी, सलालाहला जाणार म्हणे?"

"हो तर! परवा. गाडी भाड्याने घेतलीय."

"विमानानं जावा ना. दीड तासात पोचाल. गाडीनं दहा-अकरा तास वाळवंटच आहे. मध्ये कुत्रं नाही."

"आणि खिडकीतून काय ढग बघू? आम्हाला वाटेतला मुलूख बघायचाय, चंद्रहासभाऊ. तुमच्या दादाने छत्तीस वर्षांत काही बघितलं नाय."

चंद्रहास जिन्याच्या कठड्यावर नखाने खरवडत राहिला. "तसं नाही. दादा आता थोडं… कंपनीनं गेले आठ महिने त्याला गाडी दिली नव्हती. मीच सोडायचो साइटवर."

"का? वय झालं म्हणून? ह्यांची गाडी बघा, अजून तरण्या पोरासारखी चालवतात." सुगंधाला राग आला होता. जो तो म्हाताऱ्यांना घरात बसवायला टपलेला. "तुम्ही दहा वर्षांनी साठीकडे झुकाल ना, तेव्हा कळेल."

चंद्रहास आणखी काहीतरी बोलणार होता. पण भिकाजी आतून बाहेर आला, तशी त्याने मान खाली घातली आणि निघून गेला. तिथेच त्याने तोंड उघडलं असतं तर! पण दुसऱ्याच्या बायकोला कसं सांगायचं, आणि तीसुद्धा एवढ्या हौसेने आलेली. माणसं संकोचाने गप्प बसतात, आणि मग भोगतं कोण?

त्याआधी भाड्याच्याच गाडीने रुस्ताकची एक फेरी झाली होती. ती फार सुखाची झाली. पहाटेच निघाले, डोंगरातून गाडी नेली, गरम पाण्याच्या झऱ्यात दोघं पाय सोडून बसले. बाजारात ओला खजूर घेतला. सुगंधाच्या मनात आलं, हेच ते. हेच इतकी वर्षं आपण साठवून ठेवलं होतं.

परत येताना भिकाजीने अचानक गाडी एका गल्लीत घातली आणि एका पांढऱ्या घरासमोर थांबवली. डिकीतून स्क्रू-ड्रायव्हरचा डबा काढला. तो डबा बरोबर कशाला आणला होता, हे तिने विचारलंसुद्धा नव्हतं.

"कोणाचं घर?"

"आपलं गिऱ्हाईक. दोन मिनिटांत येतो."

दार उघडंच होतं. तो सरळ आत शिरला आणि जिना चढू लागला. घरातला तरुण मुलगा धावत बाहेर आला, गोंधळून बघू लागला. मग दारात उभी राहिलेली सुगंधा त्याला दिसली आणि त्याचा चेहरा मवाळ झाला. "तफद्दल, तफद्दल," म्हणजे या, बसा, म्हणत त्याने तिला बैठकीत बसवलं. त्याच्या आईने कहावा, म्हणजे तिथली कॉफी, आणला, खजूर आला, कापलेलं कलिंगड आलं. त्या पोराचं नाव नुमान. त्याला मोडकं हिंदी येत होतं. वर गच्चीवर ठोकाठोकी चालू होती.

"बाबा को कौन बुलाया?" नुमानने हळूच विचारलं.

सुगंधाला हिंदी बेताचंच. ती म्हणाली, "पुराना कस्टमर. आप लोग."

नुमानने आईकडे पाहिलं, आईने त्याच्याकडे. "हम इस घर में दो साल पहले आया," तो म्हणाला. मग, पाहुण्याला अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून, लगेच हसला. "कोई बात नहीं. बाबा अच्छा आदमी."

आता असल्या देशात काय करायचं सांगा! कोणी परका घरात घुसून गच्चीवर चढला तर आपल्याकडे आरडाओरडा झाला असता, चार माणसं जमली असती, आणि सुगंधाला तिथंच कळून चुकलं असतं. इथं कहाव्याचा दुसरा कप आला. भिकाजी घामाने भिजून खाली उतरला, म्हणाला, "खलास, झालं काम," आणि नुमानने छातीवर हात ठेवून त्याचे आभार मानले. गाडीत बसल्यावर सुगंधाने मागे वळून त्या घराकडे पाहिलं खरं. पण विचारलं काही नाही. तिने स्वतःला सांगितलं की जुनं घर असेल, मालक बदलला असेल. गिऱ्हाईक म्हटलं की हा माणूस असाच. सुट्टीत घरी असतानासुद्धा कोणाचा फ्रीज बंद पडल्याचा निरोप आला की हा भरल्या ताटावरून उठायचा. त्यावरून त्यांची भांडणंही झाली होती. गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नाही.

सलालाहला निघाले त्या दिवशी उजाडता उजाडताच गाडीत बसले. डॅशबोर्डवर भिकाजीने रात्रीच पट्ट्या चिकटवल्या होत्या. 'बहला'. त्याखाली 'आदम, पेट्रोल भर'. त्याखाली 'हैमा. सरळ. वळायचं नाही'. शेवटचे दोन शब्द दोनदा गिरवलेले.

"सरळच आहे ना रस्ता? मग हे कशाला?"

"असू दे गो," तो म्हणाला. "बरं असतं."

आदमपर्यंत तो गप्पा मारत होता. ह्या दिवसांत सलालाह कसं हिरवंगार असतं, नारळ, केळी, अंगावर भुरभुर पडणारं पाणी, मे महिन्यातून उठून थेट श्रावणात गेल्यासारखं. "आपलंच कोकण म्हणशील," तो म्हणाला. आदमला टाकी भरली, चहा घेतला. ऊन चढू लागलं. मग दोन्ही बाजूंची घरं संपली, मग झाडं, मग दगडसुद्धा. नुसती पिवळी सपाटी आणि मधून काळा रस्ता. सुगंधाला आधी मौज वाटली आणि तासाभराने वाटेनाशी झाली. कोकणातल्या माणसाला दर वळणावर काहीतरी दिसायची सवय. इथं वळणच नव्हतं. भिकाजी बोलायचा थांबला होता. तिने खजूर पुढे केला, त्याने घेतला नाही.

"दमलात काय? थांबू या जरा."

पाचेक मिनिटांनी त्याने गाडी हळू केली, डावीकडे एक कच्चा रस्ता फुटत होता, त्याच्यावर वळवली आणि परत वेग घेतला.

"अहो! इकडे कुठे?"

"साइटवर."

"कसली साइट? सरळ जायचं ना? हे काय लिहिलंय बघा तुम्हीच!" तिने पट्टीवर बोट ठेवलं.

त्याने पट्टीकडे पाहिलं. त्याने ती पट्टी वाचली नाही. गाडीच्या मागे धुळीचा लोट उठला आणि त्यात तो काळा रस्ता दिसेनासा झाला. तिने मोबाइल काढला. रेंजची एकही रेघ नव्हती. डावीकडे लांब कुठे तेलाच्या विहिरींवरच्या खांबांसारखं काहीतरी उभं होतं, तेही हळूहळू मागे पडलं. कच्चा रस्ता आधी रुंद होता, मग दोन चाकोऱ्यांचा झाला, मग एका ठिकाणी वाळूने तोही पुसून टाकला होता. भिकाजी तसाच पुढे हाकत होता, अगदी सहज, जणू रोजचीच वाट. गाडीत पाण्याच्या तीन बाटल्या होत्या, त्यांतली एक संपलेली.

"अहो, माझं ऐका, थांबवा. मला भीती वाटतेय. भिकाजी!" एकोणचाळीस वर्षांत तिने त्याला पहिल्यांदा नावाने हाक मारली.

त्याने मान वळवली. तिच्याकडे बघून ओळखीचं नाही, पण फार सौजन्याने हसला. आणि हिंदीत म्हणाला, "मॅडम, टेन्शन नहीं लेने का. पाच मिनिट. साइट पे अर्बाब खडा है, अपना मालिक."

मॅडम!

कपाटातली किटली, परत मांडलेलं ताट, नुमानच्या आईची नजर, चंद्रहासचं नख, सगळं एकदम सुगंधासमोर येऊन उभं राहिलं. ती सवय नव्हती. तो थट्टा करत नव्हता. हा माणूस गेले कितीतरी महिने आतून पुसला जात होता, आणि ती त्याची बायको, बूट घालून ऐटीत त्याच्या बाजूला बसून प्रवासाला निघाली होती. कोणाही रोजच्या बायकोला आठ दिवसांत कळलं असतं. हिला कळायला रोज नवरा होता कुठे? तिला स्वतःची इतकी चीड आली की रडूसुद्धा येईना.

गाडीचं पुढचं चाक वाळूत रुतलं. इंजिन ओरडलं, गाडी तिरकी झाली, आणि कशीतरी सुटली. पुढच्या वेळी सुटेलच असं नव्हतं. बाहेर पन्नास डिग्रीला टेकलेलं ऊन, दोन बाटल्या पाणी, आणि ह्या दोघांना कोणी शोधायला येणार तर आधी कोणाला ते हरवल्याचं कळायला हवं. स्वरूप, त्यांचा मुलगा, ठाण्यात ऑफिसात बसला असेल. संध्याकाळी फोटो पाठव म्हणाला होता. फोटो आला नाही तर म्हणेल, रेंज नसेल.

तिने स्टिअरिंगला हात घातला. त्याने तो झटकला आणि वेग वाढवला. "मॅडम, ऐसा नहीं करने का!" आवाज चढला होता. त्याच्या कपाळावरची शीर तिने कधी पाहिली नव्हती. ती मागे सरकली. ओरडून उपयोग नव्हता. बायको म्हणून बोलायचं तर बायको त्या गाडीत नव्हतीच. मग होतं कोण? गिऱ्हाईक होतं.

सुगंधाने पदर खांद्यावर नीट घेतला. घसा साफ केला. अंगात नसलेला सगळा तोरा आवाजात आणला.

"भिकाजी, साइट बादमें. पहले मेरा घर. मेरे घर का एसी बंद हो गया."

त्याचा पाय लगेच सैल झाला. "कब से, मॅडम?"

"सुबह से. घर में छोटा बच्चा है. एकदम गरम. रो रहा है."

"अरे, पहले बोलने का ना!" भिकाजी खरोखर कळवळला. "बच्चे का घर है तो पहले जाएगा. किधर है?"

"पीछे. जिस रास्ते से आया, वही रास्ता. एकदम वही. टायर का निशान देखो."

त्याने गाडी वळवली. आणि मग जे अर्धा तास चाललं ते सुगंधा मरेपर्यंत विसरणार नाही. वाऱ्याने त्यांच्याच चाकांच्या खुणा पुसायला घेतल्या होत्या. ती काचेला नाक लावून बघत होती. उजवीकडे. थोडं डावीकडे. तो दगड, तो आपण मघाशी पाहिला होता. दोनदा खुणा पार दिसेनाशा झाल्या, आणि दोनदा तिने त्याला थांबवून स्वतः खाली उतरून, तापलेल्या वाळूत चालत जाऊन त्या शोधल्या. दर वेळी गाडीबाहेर पाय ठेवताना तिला एकच धास्ती होती, की हा मला विसरून गाडी घेऊन गेला तर? म्हणून ती चालताना सारखं बोलत होती, मोठ्याने, "जाना नहीं भिकाजी, बच्चा रो रहा है." मागून तो उत्तर द्यायचा, "हाँ मॅडम, खडा है." तेलाचे खांब परत दिसले तेव्हा ती हमसून हमसून रडली. तो म्हणाला, "रोने का नहीं. दस मिनिट में ठंडा कर देगा."

काळा रस्ता आला. तिने गाडी कडेला घ्यायला सांगितली.

"इधर? इधर तो घर नहीं."

"पहले गाडी का एसी देखो. पीछे हवा नहीं आता."

तो लगेच उतरला आणि मागच्या सीटवर जाऊन बसला, जाळीपुढे हात धरून कान लावून ऐकू लागला. इंजिन चालूच होतं. सुगंधा झटकन ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसली आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. चालवायला येत नव्हतं, पण आता तिथं दुसरं कोणी बसू शकणार नव्हतं. तिने वळून त्याला पाणी दिलं. तो प्यायला. रस्त्यावर दोन्हीकडे कोणी नव्हतं.

"एसी ठीक है, मॅडम," तो म्हणाला. आणि मग, काम झाल्यावर मेकॅनिक बोलतो तसा, निवांतपणे बोलू लागला. आता मराठीत. "तुम्ही मराठी दिसता. एक विचारू? उद्या मला सुट्टी मिळेल काय? साहेबांना सांगाल?"

"कशाला हवी सुट्टी?" सुगंधाने समोर रस्त्याकडे बघत विचारलं.

"बायको येतेय गावाहून. तिला सलालाह दाखवायचंय. फार हौस आहे तिला फिरायची. रोज डोंगर चढते. माझ्यापेक्षा धडधाकट आहे." तो हसला. "मला विसरायला होतं, मॅडम. डॉक्टरने सांगितलंय, वाढत जाणार. तिला कळवलं नाय मी. कळलं तर ती फिरणार नाय, माझ्या उशाशी बसून राहील. आयुष्यभर वाट बघितली तिने. निदान एकदा सलालाह होऊ दे, मग कळेल तेव्हा कळेल. तुम्ही बोलू नका तिला कुठे भेटली तर."

सुगंधाने पुढच्या आरशातून त्याच्याकडे पाहिलं.

"नाय बोलणार," ती म्हणाली.

"शप्पथ?"

"शप्पथ."

अर्ध्या तासाने सलालाहकडून एक मोठी गाडी आली. मागे शहाळी आणि केळ्यांचे घड लादलेले, आत एक ओमानी कुटुंब, सहल करून घरी निघालेलं. सुगंधा रस्त्याच्या मधोमध उभी राहून निशाण हलवावं तसा पदर दोन्ही हातांनी हलवत होती. गाडी चालवणाऱ्या माणसाने तिला दोन वाक्यं बोलू दिली, मागच्या सीटवरच्या भिकाजीकडे एकदा पाहिलं, आणि जास्त काही विचारलं नाही. त्याच्या धाकट्या भावाने ह्यांची गाडी चालवायला घेतली. आदमपर्यंत सोडतो म्हणाला. वाटेत रेंज आली, तसा तिने चंद्रहासला फोन केला. "तुम्ही सांगत होता ते आता कळलं," एवढंच बोलली. तिकडून तो म्हणाला, "मी निघालो, वहिनी." स्वरूपला तिने अजून केला नव्हता. काय सांगायचं ते आधी तिला स्वतःला ठरवायचं होतं.

ती मागे भिकाजीच्या शेजारी बसली होती. तो झोपला होता, तोंड थोडं उघडं. उन्हाने काळवंडलेले त्याचे हात मांडीवर पडले होते. ती त्यांच्याकडे एवढं निरखून पहिल्यांदाच बघत होती. तिला वाटत होतं, हा जागा होईल तेव्हा कोण असेल?

तासाभराने त्याने डोळे उघडले. समोर परका माणूस गाडी चालवतोय हे पाहून दचकला. मग बाहेर ऊन कुठल्या बाजूने येतंय ते पाहिलं. छत्तीस वर्षं गच्चीवर काढलेल्या माणसाला ऊन कळतं.

"सुगंधा," तो म्हणाला. तिला ओळखलं होतं त्याने. आवाज मात्र घाबरलेला. "आपण उलटे चाललोय गो. सलालाह तिकडे राहिलं. काय झालं? माझ्याकडून… तुला कोणी काय सांगितलं काय?"

त्याच्या डोळ्यांतली ती भीती तिने पाहिली. गाडीत, वाळवंटात, रुतलेल्या चाकाशी त्याला जी भीती वाटली नव्हती, ती आता वाटत होती. ती बायकोला कळल्याची होती.

"कोण काय सांगणार?" सुगंधा म्हणाली. "मलाच गरगरायला लागलं. डोळ्यांपुढे अंधारी आली. तुम्ही गाडी थांबवून माझ्याजवळ मागे येऊन बसलात, आणि ह्या पोराने मदत केली. आठवत नाय?"

भिकाजीने तिच्याकडे टक लावून पाहिलं. हळूहळू त्याचे खांदे सैल झाले, चेहऱ्यावर रक्त आलं, आणि नवऱ्याला शोभेल असा राग आला.

"तरी मी सांगत होतो! या वयात रोज पाच-पाच किलोमीटर चालायचं, डोंगर चढायचे. झेपतं काय आता? मेलो असतो काळजीने. तुझ्यामुळे राहिलं सलालाह."

जिला साधा तापसुद्धा ठाऊक नव्हता, ती बाई खाली मान घालून ऐकत होती.

"हो," ती म्हणाली. "माझ्यामुळेच राहिलं."

"गावी गेल्यावर आधी डॉक्टरला दाखवायचं तुला. मोठ्या. ठाण्यातल्या."

"दाखवू. पण मी एकटी जाणार नाय. तुम्ही बरोबर यायचं, डॉक्टरसमोर माझ्या शेजारी बसायचं, ते विचारतील ते सगळं सांगायचं."

"येणार तर," भिकाजी म्हणाला आणि तिचा हात आपल्या हातात घेऊन थोपटू लागला. "तुला एकटीला आता कुठे सोडतोय मी."